काचेवरचं ऐन

धुकं एवढं दाट होतं, की समोरचं औषधांचं दुकान उघडलं हे शटरच्या खडखडाटावरूनच कळलं. थंडीनं रंग मलमासारखा घट्ट झालेला. पेंटरनं डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला आणि काडीनं ढवळत बसला. त्याला ‘पेंटर’ म्हटलेलं खपत नसे. ‘आर्टिस्ट’ म्हणा, असं तो बजावी. लोक म्हणतही, पण हसू दाबून.

आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या काचेच्या दारावर एकच अक्षर काढायचं होतं, अरबीतलं ऐन. ते पसंत पडलं तर नव्या इमारतीच्या चारही मजल्यांच्या पाट्या त्याच्या. नाहीतर त्या स्टिकरवाल्याच्या, ज्यानं वर्षभरात त्याची निम्मी गिऱ्हाइकं पळवली होती.

अक्षर समजून घ्यायला तो आदल्या दिवशी शेजारच्या मास्तरीणबाईंकडे गेला होता. त्यांचा उभा जन्म अरबी शिकवण्यात गेलेला.

“ऐन म्हणजे डोळा,” बाई म्हणाल्या. “झऱ्यालाही ऐनच म्हणतात. आता वापर ऐका. एकटं असलं की खाली पोट सोडून बसतं. शब्दाच्या सुरुवातीला नुसतं तोंड उरतं. मधे सापडलं की गाठ होते. आणि त्याचं तोंड नेहमी...”

“बाई, हयात गेली अक्षरं काढण्यात. वापर मला शिकवता होय!” नमुन्याचा कागद खिशात कोंबून स्वारी उठली.

मग काय, न्हाव्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ‘ऐन म्हणजे डोळा’ ऐकावं लागलं. बायको म्हणाली, “तीस वर्षं मी डोळे वटारतेय, त्याचा अर्थ कधी कळला नाही तो तुम्हाला!”

काचेवर रंग आतून लावतात, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातानं तो जात नाही. त्यासाठी अक्षर उलटं काढावं लागतं. हा त्याच्या डाव्या हातचा मळ. पण आज त्यानं डोकं चालवलं. ही लिपी मुळातच उलट्या बाजूनं चालते, मग उलट्याला आणखी उलटं करायचं कशाला? नमुन्यात होतं तसंच झोकात काढलं, वर सोनेरी कड दिली.

धुकं निवळलं. बाहेर पेशंट जमले. एका आजोबांनी दारापाशी येऊन विचारलं, “हा तीन नंबर झाला. एक नंबर कुठं आहे हो?”

मागेच डोळ्यांत थेंब घालून घ्यायला आलेल्या मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, “बाहेरून ऐन उलटं दिसतंय, म्हणून तीन!” म्हणाल्या आणि कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाई आल्या, पाहून म्हणाल्या, “दिसत नाही म्हणून लोक माझ्याकडे येतात. दार रंगवणाऱ्यालाच दिसत नसेल असं वाटलं नव्हतं. पाट्या स्टिकरवाल्याला देते. तुम्ही मागचे पाइप तेवढे रंगवा.”

पेंटरनं पातं काढलं आणि अक्षर खरवडायला लागला. सोनेरी कपचे चपलेवर पडत होते. जरा वेळानं त्यानं मास्तरीणबाईंना हळूच विचारलं, “बाई, तोंड नेहमी कुठं म्हणत होतात?”

“उजवीकडे.”

“माझ्या?”

“वाचणाऱ्याच्या, आर्टिस्ट!”

त्यानं काच पुसली, डबा उचलला, मागच्या बाजूला गेला आणि पाइपचा गंज घासायला बसला.