दारातली हजेरी

ज्या खोलीत आमचा प्रौढांचा वाचन-लेखन वर्ग भरतो, तिच्या खाली धुलाईचे दुकान आहे. दुपारी तीनच्या सुमारास इस्त्रीची वाफ जिन्याने वर येते आणि तिच्या मागोमाग एका बाईचा चढा आवाज येतो. प्रस्तुत मजकूर लिहिणारीची त्या बाईशी ओळख झाली ती या आवाजामुळेच. एके दिवशी खाली कोणी गिऱ्हाईक म्हणाले, "बोटीचा एवढा अपघात झाला तरी लोक जातातच की! म्हणजे सुरक्षितच असणार." त्यावर बाईने इस्त्री अशी आदळली की वर आमच्या बाकावरच्या पेन्सिली घरंगळल्या. वर्ग सुटल्यावर खाली जाऊन चौकशी केली. तिने जे सांगितले, आणि तिच्या थोरल्या बहिणीने त्यात जी भर घातली, ते येथे क्रमाने मांडले आहे.

तिला सगळे चादरमावशी म्हणतात. पलंगावर चादर अशी अंथरायची की वर नाणे टाकले तर उडेल, असा तिचा हात. तिशीत असताना नवरा न सांगता घर सोडून गेला. पदरात चार वर्षांची मुलगी होती. तिला थोरल्या बहिणीच्या हवाली करून ती सहलीच्या मोठ्या बोटीवर खोल्या आवरण्याच्या कामाला लागली. आठ महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी, अशी बावीस वर्षे गेली. मुलगी मोठी झाली, सासरी गेली, पण तिच्या तोंडी 'आई' हा शब्द बसला तो थोरल्या बहिणीसाठी. "जगाची मावशी झाले, आणि पोटच्या पोरीचीही मावशीच झाले," असे ती हसून म्हणते. त्या हसण्यात हसू कमीच असते.

चौथ्या मजल्यावरच्या सोळा खोल्या तिच्याकडे होत्या. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा त्या आवरायच्या. प्रवास संपला की प्रत्येक प्रवासी एक पत्रक भरीत असे. सेविका हसतमुख होती काय, तिच्यामुळे काही गैरसोय झाली काय, असे त्यात विचारलेले असे. नाराजीची तीन पत्रके जमली की पुढच्या हंगामाचे बोलावणे येत नसे. या पत्रकाची धास्ती कामगारांना वादळापेक्षा जास्त होती, आणि आता जे सांगायचे आहे त्याचे मूळ त्या धास्तीत आहे.

बोट सुटण्यापूर्वी पहिल्या दिवशी सराव घ्यावा असा नियम आहे. भोंगा वाजतो. प्रत्येक प्रवाशाने आपल्या खोलीतून निघून, नेमलेल्या जिन्याने, नेमलेल्या जागी पायी चालत जायचे. तेथे तरंगणारे जाकीट कसे बांधावे ते दाखवतात, आणि धोक्याच्या वेळी लिफ्टमध्ये पाऊल टाकू नये हे बजावून सांगतात. आपापल्या खोल्यांची यादी घेऊन सेविकांनी हजर माणसांपुढे बरोबरची खूण करायची. परंतु सुट्टीवर आलेल्या माणसाला नुकतीच चप्पल काढलेली असताना जिना उतरायला सांगितले की त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी शेवटी पत्रकावर उतरते. म्हणून बोटीवर एक चाल पडली होती. सेविकेने दार वाजवायचे, आत किती डोकी आहेत ते पाहायचे आणि तेथेच खूण करून पुढे जायचे. कामगार तिला 'दारातली हजेरी' म्हणत. वरचे अधिकारी हे जाणून होते. कागदावर शंभरातले शंभर लोक शिकून तयार झालेले दिसत, आणि तेवढे त्यांना पुरेसे होते.

त्या प्रवासात तिच्या अकराव्या खोलीत एक वृद्ध जोडपे होते. आजोबा घड्याळे दुरुस्त करणारे. बेचाळीस वर्षे एकाच खुर्चीत बसून लोकांच्या वेळा नीट लावून दिलेला माणूस. आजीचे दोन्ही गुडघे गेलेले. भोंगा वाजला तेव्हा घड्याळजी बूट घालून, जाकीट काखेत धरून तयार उभे होते.

"चला, कुठं जायचं?" त्यांनी विचारले.

"कुठं जाता, आजोबा? आजींचे गुडघे बघा. बसा निवांत. मी खूण करून टाकते."

"पण नियम आहे ना?"

"अहो, नियम आमच्यासाठी आणि सुट्टी तुमच्यासाठी!"

आजी हसल्या. "गुणाची गं पोरी! यांना कोणीतरी हे सांगायलाच हवं होतं. लग्नातसुद्धा हे मुहूर्ताआधी अर्धा तास येऊन बसले होते."

घड्याळजींनी बूट काढले. चादरमावशीने दोन खुणा केल्या. ही गोष्ट सांगताना ती इस्त्री उभी करून ठेवते, आणि "माझ्या तोंडाला तेव्हाच का कुलूप लागलं नाही?" असे विचारते.

तिसऱ्या दिवशी, जेवणे आटोपून लोक सुस्तावलेले असताना, बोट किनाऱ्याच्या अगदी जवळून नेण्यात आली. कारण इतकेच, की प्रवाशांना कड्याची छायाचित्रे चांगली काढता यावीत. पाण्याखालच्या खडकाने तळ फाडला. तासाभरात बोट एका अंगावर कलली. भोंगा वाजला तेव्हा चादरमावशीने सोळा खोल्यांची दारे बडवली. घाबरलेली माणसे तिने हाताला धरून जिन्याकडे ओढली. एका गृहस्थाला तर चक्क कॉलरला धरून आणले. अकरावी खोली मात्र उघडी आणि रिकामी होती. ते दोघे रोज जेवायला ज्या वाटेने जात, त्या एकाच माहीत असलेल्या वाटेने गेले होते. त्या वाटेवर लिफ्ट होती. ती दोन मजल्यांच्या मधे अडकली. खलाशांनी छत फोडले आणि आजींना वर ओढता आले, कारण घड्याळजींनी त्यांना खालून खांद्यावर उचलून धरले होते. त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा हात खाली घातले तेव्हा तेथे पाणीच होते.

त्या दिवशी नऊ माणसे गेली.

अपघातानंतर महिनाभर बातम्यांमध्ये एकच चर्चा चालली होती. लोकांना आता बोटीने जाणे सुरक्षित वाटते काय? रस्त्यावर माणसांना थांबवून विचारीत होते. कोणी म्हणे वाटते, कोणी म्हणे नाही, कोणी म्हणे आमचे तिकीट आधीच काढलेले आहे, आता वाटून घ्यावेच लागेल. चादरमावशी दूरचित्रवाणीसमोर बसून चरफडत असे. "वाटतं काय विचारता? बिनकठड्याच्या गच्चीवर झोपलेल्या माणसालाही सुरक्षितच वाटतं, कूस बदलेपर्यंत! जिना कुठं होता ते विचारा की!"

बोटीची कंपनी तिला विसरली नव्हती. तिच्या यादीतल्या तीस माणसांपैकी एकोणतीस सुखरूप परतली होती. अशी शूर सेविका हाताशी असताना तिला घरी बसवण्याइतकी कंपनी भोळी नव्हती. शहरातले सभागृह घेऊन जुन्यानव्या प्रवाशांचा मेळावा ठरला. तिने गणवेशात व्यासपीठावर येऊन चार वाक्ये बोलायची होती. ती कंपनीच्या साहेबांनीच लिहून दिली होती. पुढच्या हंगामात तिला सेविकांची प्रमुख करू, असेही कानावर घातले होते.

मेळाव्याच्या पाच दिवस आधी चादरमावशीच्या घरचे दार वाजले. बाहेर काठी टेकून घड्याळजींच्या पत्नी उभ्या होत्या. तीन जिने चढून आल्या होत्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. त्यांनी कंपनीचे पत्र पुढे केले. सदर प्रवाशाने सुरक्षेचा सराव पूर्ण केला होता, तरीही सूचनेचा भंग करून लिफ्टचा वापर केल्यामुळे मृत्यू ओढवला, असे त्यात होते. पुरावा म्हणून हजेरीच्या यादीची प्रत जोडली होती.

"ज्या माणसानं जन्मात रांग मोडली नाही, त्यानं नियम मोडून स्वतःचा जीव घालवला म्हणतात," आजी म्हणाल्या. "आमची माणसंसुद्धा आता कुजबुजतात, म्हातारं हट्टी होतं म्हणून. तू होतीस दारात. तू सांग."

चादरमावशीने कानांवर हात ठेवले. खोटे कसे बोलावे हे तिला कोणी शिकवले नव्हते, तरी ते आले. "मला नीट आठवत नाही हो, आजी. इतकी माणसं होती..."

"माझे गुडघे आठवतात ना?" एवढेच बोलून आजी वळल्या. एकेक पायरी उतरताना काठीचा आवाज येत होता आणि तो फार वेळ येत राहिला.

चादरमावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग साहेबांचा होता, कागदाचा होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हाताचा होता. थोरली बहीण आत भाजी निवडत होती. तिने सगळे ऐकले होते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," थोरली म्हणाली. "गेलेला माणूस परत यायचा नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस."

"मासे कुठले, ताई? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आहेत ते! आणि मी वाटी घेऊन शेजारी बसलेय!"

"मग काय करणार आहेस? जाऊन सांगणार, की मीच खोटी खूण केली? तुलाच आत टाकतील."

"टाकू देत. तिथंही चादरी असतीलच."

"असतील, पण तिथं पत्रक भरून तुला चांगली म्हणायला कोणी येणार नाही," थोरली म्हणाली, आणि रागावलेल्या दोघी बहिणींना एकदमच हसू फुटले. ते फार टिकले नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, ही बावीस वर्षांतली पहिलीच वेळ. तिने दारातल्या हजेरीची हकीकत सांगून ते पत्र मागे घ्या म्हटले. साहेबांनी टेबलावरची पत्रके सारखी केली. त्यांवर तीन चेहरे छापलेले होते, हसरा, मख्ख आणि रडका. वर प्रश्न होता, 'बोटीच्या सहलीत आपणांस सुरक्षित वाटते काय?'

"मावशी, आपला धंदा वाटण्याचा आहे," साहेब म्हणाले. "लोकांना बरं वाटलं पाहिजे. तुम्ही कशाला जखमेवरची खपली काढता?"

"खपली धरायला जखम आधी धुवावी लागते, साहेब."

"यादीवर सही तुमची आहे, हे लक्षात आहे ना?"

"तेच सांगायला आलेय!"

साहेबांनी पाणी मागवले, तिच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

मेळाव्याच्या सकाळी ती गणवेश घालून गेली. सभागृह भरलेले होते. साहेबांनी तिची ओळख करून दिली तेव्हा टाळ्या थांबेनात. ती पुढे झाली आणि लिहून दिलेली चार वाक्ये तिने बाजूला ठेवली.

"मी शूर नाही," ती म्हणाली. "अकराव्या खोलीतले आजोबा बूट घालून सरावाला निघाले होते. मी त्यांना बसवलं आणि खोटी खूण केली. त्यांनी कुठलाही नियम मोडला नाही. त्यांना जिना कुणी दाखवलाच नव्हता. आम्ही सगळ्याच जणी असं करत होतो, आणि वरच्यांना ते माहीत होतं..."

येथे ध्वनिक्षेपक बंद पडला. बंद पडला, असे साहेब म्हणतात. चादरमावशीचा आवाज धुलाईच्या दुकानातून वर्गापर्यंत येतो, तेव्हा त्या सभागृहात तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार यात शंका नाही. पण पुढे झाले ते तिच्या ध्यानीमनी नव्हते. तिला वाटले होते की लोक कंपनीवर तुटून पडतील. लोक तिच्यावरच चिडले.

"आम्ही सहलीची माहिती घ्यायला आलोय, रडगाणं ऐकायला नाही!" एक गृहस्थ उठून ओरडले.

"खूण तुम्हीच केलीत आणि आता आम्हाला घाबरवता?" दुसरे म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते, म्हणून ते तिला अधिक लागले.

तीन चेहऱ्यांची ती पत्रके सगळ्यांना वाटलेली होती; पेन्सिली त्यांवर टेकल्या. बहुतेकांनी हसऱ्या चेहऱ्यावरच खूण केली, हे तिने व्यासपीठावरून आपल्या डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्याच दिवशी अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीसमोर जाऊन तिने तेच सगळे लेखी दिले. पुढच्या हंगामाचे बोलावणे आले नाही. सात आठवड्यांनी घड्याळजींच्या घरी दोन ओळींचे पत्र गेले, की मयत प्रवाशाने सूचनांचा भंग केल्याचा उल्लेख मागे घेण्यात येत आहे. माफीचा शब्द त्यात नव्हता. ते पत्र आजींनी चादरमावशीला दाखवले नाही. तिला ते समितीच्या कारकुनाकडून कळले. आजी तिच्याशी बोलत नाहीत, आणि त्यांनी का बोलावे, असे ती स्वतःच विचारते.

त्या दिवशी मेळावा संपल्यावर ती मागच्या दाराने बाहेर पडत होती. तेव्हा हातात नव्या सहलीचे माहितीपत्रक घेतलेल्या एका बाईने तिला गाठले होते. सोबत नवरा होता, तो घड्याळ पाहत होता.

"मावशी, ते सगळं ठीक आहे," ती बाई म्हणाली, "पण आम्ही जायचं की नाही? एका शब्दात सांगा."

चादरमावशी संतापली होती. तरी तिने त्या बाईचा हात धरला, आणि ती हळू आवाजात म्हणाली, "जा. पण पहिल्या दिवशी माझ्यासारखी कुणी दार वाजवेल आणि बसा म्हणेल, तेव्हा बसू नका. तिला जिना दाखवायला लावा. एवढं करा."