नव्याला पहिल्या दिवशी जुंपत नाहीत

९ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. नवा संगणक उंद्रीच्या आमच्या घरात आला त्या क्षणाची ही नोंद. त्याच क्षणी मला कळून चुकले, की आजवर एकाही निर्जीव वस्तूला निर्जीव न मानलेला एक गृहस्थ आता माझ्या शिष्यवृत्तीच्या आड येणार. हे गृहस्थ म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा.

बाजारातून आणलेल्या बैलाला पहिल्या दिवशी जुंपायचे नाही. पाय धुवायचे, ओवाळायचे, घास द्यायचा आणि विसाव्याला सोडायचे, ही आमच्याकडची रीत. मोठेबाबांनी तिचा विस्तार समस्त यंत्रसृष्टीपर्यंत केला होता. फ्रिज आला तेव्हा तो दिवसभर ओसरीत विसावला आणि त्यात ठेवायचे दूध नासले. चिखलीहून टेम्पोने आणलेली नवी मोटारसायकल त्यांनी फाट्यापासून घरापर्यंत ढकलत आणली. "लांबून आली, दमली असन," एवढेच त्यावरचे स्पष्टीकरण. घामाने मात्र तेच निथळत होते.

माझा संशोधनाचा प्रस्ताव त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या आत शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर चढवायचा होता. कच्चा मजकूर कागदावर तयार होता. परंतु संस्थेचा नमुना ज्या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा, ते या संगणकात नव्हते. मोबाइलच्या इंटरनेटवरून ते उतरवून घ्यावे लागणार होते. वेळ हुकली, तर पुढची संधी वर्षाने.

"मोठेबाबा, आज याले विसावा नाही. पाचले साइट बंद होते."

"काऊन? आताच आलं ना बापा ते!"

"अवो, तो का बैल हाय?" मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, आतून कडाडली. "करू द्या पोरीले!"

अखेर यंत्राला कुंकू लागले, कळफलकापाशी गुळाचा खडा ठेवला गेला आणि साडेबाराला पडद्यावरची पट्टी सरकू लागली. दीडला ती एकसष्ट टक्क्यांवर होती. मी चार घास खाऊन परतले, तो पडदा काळा. मोठेबाबा हातात प्लग घेऊन उभे.

"धापा टाकून राह्यलं होतं," ते म्हणाले. "अंग तापलं त्याचं. दुपारच्याले बैल बी सोडतात, माय."

ती धाप म्हणजे आतला पंखा होता. मी प्लग जोडला. पट्टी शून्यापासून निघाली.

"केलं ना वाटोळं!" मोठीआई म्हणाली. "वर्ष गेलं म्हना आता तिचं!"

मोठेबाबांचा चेहरा उतरला. ते उठले, धान्य पाखडायचे सूप घेऊन आले आणि यंत्राला वारा घालू लागले. याचा उपयोग नाही, हे मी त्यांना सकारण सांगितले.

"तू पट्टी पाह्य. मी याले पाह्यतो."

"निदान बसा तरी."

"गाय व्याले लागली का कोनी बसते का?"

पावणेचारला सॉफ्टवेअर बसले. मी टंकत होते, सूप हलत होते. मध्येच नेट गेले, पुन्हा आले. चार वाजून बावन्न मिनिटांनी प्रस्ताव पोहोचल्याची पोच पडद्यावर उमटली, तेव्हाही ते उभेच होते.

"झालं?" त्यांनी हळूच विचारले. "आता सोडू याले?"

मी होकार दिला. त्यांनी प्लग काढला आणि यंत्राच्या पाठीवरून हात फिरवला.

शिष्यवृत्ती मिळाली. दूरच्या शहरातल्या वसतिगृहात पोहोचले, त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. "आजच कामाले लागू नको, माय. लांबून गेली तू." मी हसले, आणि तासाभरात प्रयोगशाळेत हजर झाले.

यंदा आमच्या प्रयोगशाळेत नवे वर्णपटमापक यंत्र आले. सगळ्यांना घाई होती. मी त्याचे वेष्टन काढले, काच पुसली आणि वीज न जोडताच बाहेर आले. सहकाऱ्याने कारण विचारले, तेव्हा "खोलीच्या तापमानाला येऊ दे," असे शास्त्रशुद्ध उत्तर दिले. मोठेबाबांना हे कळवायचे होते; पण त्यांना आता फोनवर काही ऐकू येत नाही. नोंदपत्रकात तारीख लिहिली, वेळ लिहिली. पहिल्या दिवसाची एकूण मापने : ०.