सुनंदाच्या लग्नातलं वादळ

आमच्या सुनंदाच्या लग्नाचा मांडव वाऱ्याने उडाला नाही, पावसाने कोसळला नाही. तो मी उतरवला. स्वच्छ उन्हात, भर दुपारी आणि पूर्ण शुद्धीत.

हे समजायचं तर आधी माझा आजार समजून घ्यावा लागेल. नव्वदच्या दशकात मी कळंबजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि मला हवामानाचा नाद होता. कुणाला तंबाखूचा असतो, कुणाला पत्त्यांचा. माझं सगळं लक्ष आभाळात. अंगणात पाऊस मोजायची बाटली, गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा, ओसरीत तापमापक. थंडीत पारा उतरला की मी आनंदाने घरभर सांगत फिरायचो, आणि आई म्हणायची, "लई झालं कौतुक, आता सरपण आण." पहाटे दाट धुकं पडलं की पिकावर रोग पडेल म्हणून कांदेवाले शेजारी डोक्याला हात लावून बसायचे आणि मी त्यांच्या बांधावर उभा राहून 'वा, काय धुकं आहे!' म्हणायचो. (दोन-तीन बांधांवर त्यानंतर मला मज्जाव झाला.)

अशात पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक गोल पितळी वायुदाबमापक मिळाला. घड्याळासारखी तबकडी, पण काटा एकच. हवेचा दाब वाढला की काटा 'स्वच्छ'कडे सरकतो, घटला की 'पाऊस', आणि फारच घटला की 'वादळ'. इंग्रजी शब्दांवर मी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या, मागचा स्क्रू फिरवून कळंबच्या हवेला काटा 'स्वच्छ'वर आणला आणि यंत्र ओसरीत टांगलं. आईने पहिल्याच दिवशी त्यात किती वाजले ते पाहिलं आणि आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, न्याहारी चुकवली.

त्याच उन्हाळ्यात सुनंदाचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं. मुलगा भला, घर भलं. गाव मात्र शिनोलीच्या पुढे, घाट चढून वर. लग्न मुलाच्या दारात करायचं ठरलं. मे महिना, वळवाचे दिवस. अशा वेळी यंत्र घरी ठेवून जाणं मला बेजबाबदारपणाचं वाटलं. मी ते फडक्यात गुंडाळून टेंपोत पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं.

"ह्ये घड्याळ कशाला घेतलंय?" आबांनी विचारलं.

"घड्याळ नाही आबा, वायुदाबमापक."

"मुहूर्त भटजी सांगंल की."

घोडेगावपर्यंत काटा गुणी मुलासारखा 'स्वच्छ'वर बसून होता. शिनोली गेली, घाट सुरू झाला आणि काटा हलला. मी काचेवर टिचकी मारली. तो आणखी खाली आला. एक वळण, एक टिचकी, वळण, टिचकी. घाटाच्या मध्यावर तो 'पाऊस'वर होता आणि इवायांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, दारात टेंपो थांबला तेव्हा चक्क 'वादळ'वर. इतक्या झपाट्याने पडलेला दाब मी जन्मात पाहिला नव्हता! मागून वऱ्हाडातल्या बायका गाणी म्हणत उतरत होत्या. त्या बिचाऱ्यांना काय कल्पना.

इवाई गेनूभाऊ, सुनंदाचे होणारे सासरे, फेटा सावरत सामोरे आले. गळाभेट झाली आणि मी त्यांना बाजूला घेतलं.

"इवाई, मांडव उतरवा."

गेनूभाऊंनी वर पाहिलं. आभाळात एक घार सोडली तर काही नव्हतं.

"कशापायी?"

"वादळ येतंय. मोठं आहे."

"कुठनं?"

यंत्र दिशा सांगत नसल्यामुळे मी अंदाजाने डोंगराकडे हात केला. गेनूभाऊ माझ्या हाताकडे, डोंगराकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघत राहिले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसून चहा पाजला असता. पण मी पडलो नवरीचा भाऊ, त्यातून शाळामास्तर. आणि आदल्याच उन्हाळ्यात त्यांच्या भावकीतल्या एका लग्नाचा मांडव वळवाने उचलून सागाच्या झाडांत नेऊन टाकला होता.

"पावणं, तुमी शिकलेली मानसं," ते शेवटी म्हणाले. "आमी काय सांगावं."

आणि त्यांनी मांडववाल्याला हाक मारली.

पुढचा तासभर त्या दारात जे चाललं त्याला लग्नघर म्हणायचं की छावणी, मला माहीत नाही. मांडवाचं कापड सोडून त्याची घडी घातली. नुसते बांबू उरले. आचाऱ्याला मी चूल आडोशाला न्यायला लावली, आणि त्या घरी आडोसा एकच, गोठा. गोठ्यातली जनावरं बाहेर काढावी लागली आणि बांधायला सोयीचे म्हणून बांबूंना बांधली. पोरं गावभर पळवून मी छत्र्या, इरली, युरियाची पोती, जे पाणी अडवेल ते गोळा केलं.

"मास्तर, बुंदीत धूर चाललाय," आचारी गोठ्यातून ओरडला.

"बुंदी वाचतेय हे बघा," मी म्हणालो.

मुहूर्त भर दुपारचा. डोक्यावर कापड नाही, पायाखाली तापलेली जमीन आणि पानसुद्धा हलेना. नवरदेवाच्या मुंडावळ्या कपाळाला चिकटल्या होत्या. सनईवाल्याने सनई दोनदा खाली ठेवून हातावर फुंकर मारली. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी गोळा केलेल्या छत्र्या एकेक करून उघडायला लागल्या. पावसासाठी आणलेल्या, उन्हासाठी. बांबूला बांधलेल्या एका गाईने अक्षता खायला सुरुवात केली. भटजींनी अष्टकं इतक्या वेगात आटोपली की 'सावधान' म्हणेपर्यंत लग्न लागून गेलं होतं.

मी मात्र अंतरपाटाकडे पाहत नव्हतो. काट्याकडे पाहत होतो. तो 'वादळ'वर ठाम होता.

मग कानपिळीला मला पुढे बोलावलं. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि आहेर घ्यायचा, हा आमच्याकडे हौसेचा मान. मी कान धरला तर तो तव्यासारखा तापलेला. नवरदेव हळूच म्हणाला, "मेव्हणे, काय म्हणतंय यंत्र?"

"येईल," मी म्हणालो. "थोडा धीर धरा."

आयुष्यात एवढ्या मनापासून मी वादळाची वाट कधी पाहिली नाही. बहिणीच्या लग्नाला वादळ यावं म्हणून देवाला विनवणारा भाऊ मीच असेन. पण ते यायलाच हवं होतं. सुनंदाला त्या घरात जन्म काढायचा होता आणि पहिल्याच दिवशी तिच्या भावाने त्यांच्या दारचा मांडव उतरवून पाहुण्यांना भाजून काढलं होतं. धुराच्या वासाची बुंदी खाताना लोक माझ्याकडे बघत होते. आम्ही निघताना सुनंदा रडली, आईच्या गळ्यात पडली, आबांच्या पाया पडली. माझ्याकडे आली तेव्हा मात्र तिचे डोळे एकदम कोरडे झाले.

"दादा," ती म्हणाली, "आता मी ह्यांच्यात तोंड कसं दाखवू?"

मी यंत्र उचललं आणि टेंपोत जाऊन बसलो.

परतीच्या टेंपोत कुणी माझ्याशी बोलेना. घाट उतरायला लागलो आणि काटा हलला. वर. एका वळणाला 'पाऊस'वर आला. आणखी काही वळणं उतरल्यावर 'पाऊस' सोडून वर निघाला. शिनोलीत तो 'स्वच्छ'च्या जवळ येऊन पोचला आणि मला माझाच धडा आठवला. जसजसं उंच जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो. हे वाक्य मी दर वर्षी वर्गाला शिकवत होतो. मुलांकडून घोकून घेत होतो. न येणाऱ्याला बाकावर उभं करत होतो!

मी यंत्र गुपचूप फडक्यात गुंडाळलं. पण आबा बघत होते.

"त्ये वर निघालं की घाबरतं आन खाली आलं की बरं व्हतं," ते म्हणाले. "तुझ्यावानी. तुलाबी घाट लागतो."

आणि सुनंदाला पहिल्यांदा माहेरी आणायला गेले तेव्हा आबांनी ही हकीगत इवायांना जशीच्या तशी सांगितली, वर मी काय शिकवतो तेही सांगितलं. गेनूभाऊ हसता हसता खाटेवर आडवे झाले म्हणे. सुनंदाही हसली, आणि सासरी तिच्या तोंडाची काळजी मिटली. माझ्या तोंडाची मात्र सुरू झाली.

काही वर्षांनी गेनूभाऊंच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. आमंत्रण द्यायला ते स्वतः कळंबला आले. "गुरुजी, सहकुटुंब या. फकस्त ते यंत्र घाटाखाली ठिवा."

मी यंत्रच काय, हवामान हा विषयच घाटाखाली ठेवायचं ठरवलं. एक शब्द बोलायचा नाही. लग्न लागलं, पंगत बसली. मी बुंदीचा पहिला घास घेतला आणि पूर्वेकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसले. बुडाशी काळेशार. वारा थांबला, मग उलटा वळला, ओल्या मातीचा वास आला. अर्ध्या तासात वादळ येणार, माझी खात्री होती. मी मान खाली घालून बुंदी खात राहिलो. दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा मी आणखी घेतली.

ते आलं. गारांसकट आलं. मांडव या खेपेला खरंच उचलला गेला, पानं उडाली, वरमाईच्या डोक्यावर कनातीचा तुकडा येऊन बसला. आम्ही सगळे त्याच गोठ्यात जनावरांच्या मधे दाटीवाटीने उभे राहिलो. गेनूभाऊंच्या फेट्यातून पाणी गळत होतं.

"गुरुजी, एवढं आभाळ चढलं, तुमाला दिसलं न्हाई?"

"दिसलं की."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्हीच म्हणाला होतात, घाटाखाली ठेवून या."

"आवो, यंत्र ठिवा म्हणलो व्हतो," गेनूभाऊ म्हणाले, "तोंड न्हाई."

गोठाभर हशा पिकला. सुनंदा पदर पिळत सासऱ्यांना म्हणाली, "जाऊ द्या मामा. दादाला शिकवतो तेवढं कळतं, कधी बोलायचं ते न्हाई."

बहीण आहे, माझी बाजू घेत होती. मी शिकवतो तेही मला कळत नाही, हे त्या गोठ्यात तिच्याशिवाय सगळ्यांना आठवत होतं.