समोरच्या बांधकामावरचं बुजगावणं

समोरची इमारत चौथ्या स्लॅबवर थांबली आहे. पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या सळया गंजून लाल झाल्या आहेत. पेपर म्हणतो, देशातल्या बांधकामाला चांगले दिवस येणार. येऊ देत बापडे. आमचा फ्लॅट तिथे सहाव्या मजल्यावर आहे, म्हणजे सध्या हवेत. आणि मी या भाड्याच्या खिडकीत अडकलोय.

परवा तिथले वॉचमनमामा शिडीवर चढून, नजर लागू नये म्हणून टांगलेल्या बुजगावण्याला नवा शर्ट घालत होते. मी खिडकीतूनच ओरडलो, "अहो मामा, या सांगाड्याला आता कुणाची नजर लागणार?"

"तुमचीच की," ते म्हणाले. "रोज बघत उभे असता."

मी पडदा ओढला. तेव्हापासून फटीतून बघतो.