पाखऱ्या, सर्जा आणि शालिक काकाजी

सानगडीच्या शालिक काकाजींनी शंभर मीटरची एकही शर्यत हातात घड्याळ धरल्याशिवाय पाहिली नाही. मोबाईलवर सेकंद लिहून यायचे, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. पिस्तूल वाजलं की अंगठा दाबायचा, पहिली छाती रेघेला लागली की पुन्हा दाबायचा. मग घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचे, "बराबर हाय. टीव्हीवाल्यानं खोटं नाही सांगतलं."

घड्याळ शंकरपटातलं. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत काकाजींनी चाळीस वर्षं वेळ धरली. तिकडे झेंडी पडली की घड्याळ दाबायचं आणि नजर चुन्याच्या रेघेवर रोवायची. मधे कोणती जोडी कशी उधळली, हे त्यांना मागाहून इतर लोकच सांगत. कोर्टाच्या बंदीनं पट बंद होते त्या वर्षांत ते ओसरीवर नुसते बसून असायचे. शेजारी आमचं घर. नववीत शाळा सुटलेली मीही बसूनच. एका दुपारी मी त्यांना मोबाईलवर माणसांचा पट दाखवला आणि दहा सेकंदांत म्हातारा खाटेवरून उठून उभा!

"बाप्पा! माणसं हायत का पाखरं? आणखी लाव, पोरी!"

परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी धावणाऱ्यांना बैलांची नावं दिली. उंच, शांत, सगळं जिंकत सुटलेला तो सर्जा. आणि एका पोरासोरांच्या शर्यतीत पाचवा आलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला, तो पाखऱ्या.

"याच्यावर ध्यान ठेव."

"काकाजी, तो पाचवा आला!"

"नंबर कायले पाहून राहिली? त्याचे गाल पाह्य."

मी व्हिडिओ हळू केला. बाकी सगळ्यांचे दात आवळलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या. पाखऱ्याचे गाल मात्र वाऱ्यावरच्या पदरासारखे हलत होते.

"जो दात खाते त्याचे पाय आखडते. रेघेवर मी हेच पाह्यलं जनमभर. पोट्टा कच्चा हाय, पण दात सुटे हायत."

दोन वर्षांनी त्याच पोट्ट्यानं सर्जाला हरवलं तेव्हा मी अंगणात अक्षरशः नाचले. पुढच्या महिन्यात सर्जानं उट्टं काढलं, मग पुन्हा पाखऱ्यानं. काय दिवस होते ते! जेवणं थंड व्हायची आमची.

मग मी तिरुपूरला कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला निघाले. साकोलीच्या स्टँडवर मी भीतीनं दात आवळून बसमध्ये बसले होते. काकाजी खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "दात सोड, पोरी." आजही सुपरवायझर पाठीमागे येऊन उभा राहिला की मी आधी जबडा सैल सोडते. शिलाई सरळ जाते. हे देणं त्यांचं.

पण त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ते ऑपरेशनला तयार होईनात. "डोऱ्यात सुई? नाही बाप्पा." शर्यत मी फोनवरून सांगायची, ते ऐकून घड्याळ दाबायचे. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केला तर नजर कायमची जाईल. शेवटी मी टोमणा मारला, "काकाजी, आता दात कोण खाऊन राहिलं?"

काकाजी म्हणाले, "यंदाची फायनल पाखऱ्या जिंकू दे. मंग जातो."

फायनलच्या संध्याकाळी मैत्रिणीच्या मोबाईलवर शर्यत, माझा फोन कानाला.

"काकाजी, खाली वाकले सगळे."

"घड्याळ हातात हाय. बोल."

"सुटले! सर्जा पुढे... पाखऱ्या तिसरा... दुसरा... आला, काकाजी, आला, बरोबरीत आला... रेघ!"

"कोन?"

पडद्यावर निकाल येईना. दोघंही वर बघत उभे. मग नाव आलं. सर्जाचं.

काकाजींना पडदा दिसत नव्हता. 'पाखऱ्या' एवढं म्हटलं असतं तर डोळे वाचले असते, शब्द अगदी ओठांवर आला होता. पण ज्या माणसानं पटात सख्ख्या भावाच्या जोडीलाही पाव सेकंद सोडला नाही, त्याला खोटा निकाल कसा सांगू?

"सर्जा, काकाजी. केसाएवढ्यानं."

 मला रडू येऊ लागलं.

"दात?" त्यांनी विचारलं.

"सर्जाचे आवळलेले होते. पाखऱ्याचे गाल शेवटपर्यंत हलत होते."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग पुढच्या साली सर्जा नाही टिकत!" म्हाताऱ्याचा आवाज एकदम चढला. "ते तं मले सोता पाहा लागन. तुह्या भावाले सांग, दवाखान्यात नंबर लाव म्हनाव."

ऑपरेशन नीट झालं. पुढच्या साली मी पहिल्यांदाच शर्यत एकटीनं, मुक्यानं पाहिली. पाखऱ्या हातभर पुढे! मी फोन लावला, तर त्यांचाच येत होता.

"पोरी, पाह्यला! सुरुवातीपासून रेघेपर्यंत पुरा पाह्यला! मधे कसा निंगाला तो, बाप्पा!"

"वेळ किती आली, काकाजी?"



"घड्याळ दाबाचंच रायलं, वं."