गोऱ्या पाव्हण्याची बॅग

नोकरीतले खून-दरोडे आता पुसट होत चालले आहेत, पण एका बॅगेची ती घटना आठवली की आजही माझाच मला राग येतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट असावा. कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. सकाळी दहाला सत्तरीचा एक इंग्रज तक्रार घेऊन आला. त्याचे आजोबा संस्थानी काळात इथे रेसिडेन्सीत नोकरीला होते, म्हणून तो जुनं शहर बघायला आलेला. टाऊन हॉल, दगडी कचेऱ्या, साहेबांचे बंगले असं सगळं पायी दाखवणारी एक फेरी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. फेरी संपली आणि त्याची बॅग गायब. बॅगेत पासपोर्ट; त्यात संध्याकाळची गाडी आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान!

त्याच्यासोबत फेरीचा आयोजक होता आणि फेरी नेणारी तरुणी. ती कोडोलीची, इतिहासात एम.ए., कामाला लागून महिनाही झाला नव्हता. आयोजकाने मला बाजूला घेतलं. "साहेब, बॅग हिच्याच हातात होती. कामावर घेताना जरा घरदार बघायला पाहिजे होतं. आता हिला काही मी ठेवत नाही." त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं. कळूनही मी ऐकून घेतलं, याची आज लाज वाटते.

चौकशीत मी तिला आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातली वस्ती.

"आम्ही बौद्ध आहोत, साहेब," ती सरळ म्हणाली. "आणि बॅग मी घेतलेली नाही. शेवटी आम्ही गंगावेशीत दूध प्यायला थांबलो. ग्लास धरायला हात मोकळे हवेत म्हणून बॅग मी दूधवाल्या मामांजवळ ठेवली. निघताना ती तिथे दिसली नाही, आणि मामांना विचारायच्या आत यांनी मला थेट इकडे आणलं. त्यांना विचारा."

गंगावेशीत म्हशी रस्त्यावर आणून समोर धार काढून देतात. मीही तिथलंच गिऱ्हाईक. तो दूधवाला चोर असणं शक्य नाही, हे मी खुर्चीत बसूनच ठरवून टाकलं. तरी एका हवालदाराला पाठवलं. तो ओठ पुसत परत आला. "इचारलं की, साहेब. हितं कसलीबी चोरी न्हाय झाली म्हनला."

झालं! मी तिची झडती घ्यायला लावली. निघाला एक डबा आणि एक वही. वरिष्ठांचे फोन येत होते, इंग्रज घड्याळ बघत होता आणि ती बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. मधे एकदा उठून तिने पुन्हा सांगितलं, "मामांना नीट विचारा." मी तिला गप्प बसायला सांगितलं.

दोनच्या सुमारास शिवाजी पेठेतल्या माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, त्यो गोरा पावणा तुमच्याकडं हाय न्हवं? लावून द्या की लवकर. हिकडं रस्सा गार व्हायला लागलाय."

जीप काढली. खबऱ्याने सांगितलेल्या घरी दूधवाला खांद्यावर टॉवेल टाकून दारातच उभा. बॅग देवघरात, पाटावर.

"या साहेब! पावण्यास्नी न्हाय आणलं?"

"बॅग का पळवलीस?"

"पळवली कुठं? दडवली. पावणा जेवल्याबिगर निघालता. त्येचा आज्जा हितलं मीठ खाऊन गेला, आणि नातू उपाशी जाणार व्हय? बॅग दडवल्याबिगर पावणं ऱ्हातंय का कुठं? आता हुडकत येतील म्हणून सकाळधरनं वाट बघतोय."

"मग हवालदाराला का नाही सांगितलंस?"

"त्यो चोरी झाली का म्हणून इचारत हुता. चोरी कुठं झालती?"

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त पोलिसांना नव्हतं! जीप पाठवून सगळ्यांना तिथेच बोलावून घेतलं. इंग्रज पोट धरून हसला, डोळ्यांतून पाणी काढत दोन वाट्या तांबडा रस्सा प्याला आणि तक्रार मागे घेऊन गाडीला गेला.

हसली नाही ती एकटीच. "जा बाई, सुटलीस," ठाण्यात परतल्यावर मी म्हणालो.

"मी अडकले कशात होते, साहेब? मला बसवल्याची नोंद स्टेशन डायरीत आहे. चोरी झालीच नव्हती आणि मी पहिल्यापासून खरं सांगत होते, हेही त्यात लिहा. आणि यांच्यासमोर वाचून दाखवा."

'यांच्यासमोर' म्हणजे आयोजकासमोर. मी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. आयोजक खाली बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी तिनेच नेली.

बॅग कुठे आहे हे तिने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. पुढचे चार तास मी तपास केला. कोण बोलतंय हे बघण्याच्या नादात काय बोलतंय ते ऐकायचं राहून जातं, हे शिकायला मला वीस वर्षांची नोकरी पुरली नव्हती.

निवृत्तीनंतर एकदा मी तिच्या फेरीला गेलो. आता फेरी तिची स्वतःची होती. माझं जुनं ठाणं इंग्रजी अमदानीतलं. तिथे थांबून तिने कमानी दाखवल्या, दगड कुठल्या खाणीतला ते सांगितलं. मग म्हणाली, "आत डाव्या हाताला एक सागवानी बाकडं आहे. फार कडक आहे. मी बसून बघितलंय." लोक हसले. मी खाली बघितलं.

गंगावेशीत तिने दुधाचा पहिला ग्लास माझ्यापुढे धरला. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात काठी.

"द्या साहेब, पिशवी मी धरते," ती म्हणाली.

मी दिली.