डबा रिकामा कसा धाडू?

आंबलेल्या भाजीचा वास आला की मला धंतोलीतली ती आजी आठवते. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही शेजारणी मिळून जेवणाचे डबे पोचवायचो. या आजीच्या डब्यातून एक पोळी आणि भाजी रोज परत यायची. तिखट कमी केलं, पोळ्या मऊ केल्या, तरी तेच! शेवटी मे महिन्याच्या उन्हात तणतणत तिचा जिना चढले. "आजी, जेवत काहून नाही तुम्ही?" "पोटभर जेवते वं. पण कोणाचा डबा रिकामा कसा धाडू?" मी कपाळावर हात मारला. "मग चिमूटभर साखर ठेवा न!" दुसऱ्या दिवशी पोळी होतीच, वर साखर भुरभुरलेली. आता डबा मला येतो, आणि परत पाठवलेल्या पोळीवरून डबेवाली पोरगी रोज माझ्यावर खेकसते.